निळी तार, एक नग

आमच्या शेजारच्या बाई वजनकाट्यांच्या कारखान्यात चांगल्या बोर्डांचे तांब्याचे ट्रॅक स्वतःच ब्लेडनं कापतात आणि मग स्वतःच त्यावर तारा जोडतात, म्हणजे दुरुस्तीचं टेबल कायम भरलेलं राहतं आणि टेबलामागची खुर्चीही. ही बातमी आमच्या जिन्यात तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पोचायला दीड दिवस लागला. एवढा वेळ लागला, कारण मधल्या मजल्यावरच्या दोघींचं आपापसांत बोलणं बंद होतं. नाहीतर दुपारच्या आत आटोपलं असतं.

बातमी खोटी होती. म्हणजे अर्धी खोटी. ब्लेड खरं, कापणं खरं, तार खरी. बाकीचं जिन्यानं घातलं. पहिलं अर्धं कुठून आलं ते मला चांगलं माहीत आहे, कारण ते माझ्याच तोंडून गेलं. मी त्याच कारखान्यात स्टोअर सांभाळतो आणि स्टोअरच्या जाळीच्या खिडकीतून समोर त्यांचंच टेबल दिसतं. एका संध्याकाळी आमच्याकडे नळाचा वायसर बदलायला आलेल्या प्लंबरला मी गमतीत म्हटलं, "शेजारणीचं काय सांगू तुला, दिवसभर बोर्ड कापत बसते." ते बोर्ड मुळातच चुकीचे असतात, हे सांगायचं राहून गेलं. प्लंबर सगळ्या मजल्यांवर जातो, ही काही माझी चूक नव्हे.

बाईंना कारखान्यात सगळे 'चिमटा' म्हणतात. तोंडावर नाही; तोंडावर म्हणायची छाती असलेला माणूस अजून नोकरीला लागलेला नाही. एक तर त्यांच्या उजव्या हातात सदैव तो बारीक टोकाचा चिमटा असतो. जेवताना डब्यातला खडासुद्धा त्या चिमट्यानं काढतात. आणि दुसरं म्हणजे त्यांचं बोलणं. एकोणिसाव्या वर्षी कामाला लागल्या, तेव्हापासून उत्तरेच्या खिडकीपाशी तेच टेबल, तीच खुर्ची, तोच गोल भिंगाचा दिवा. एकोणतीस वर्षं. मधल्या काळात तीन मॅनेजर गेले, कारखान्याचा पत्रा बदलला, मी केस घालवले. टेबल तसूभर हललं नाही.

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. अतिशय मवाळ माणूस. त्यानं बायकोला चष्म्यावर चष्मा बसेल अशी जोडभिंगं करून दिली आहेत. ती लावून बाई आपल्याकडे पाहतात तेव्हा आपलाही एखादा पाय चुकीच्या ठिकाणी जोडलाय की काय, असं वाटायला लागतं.

आता आमचं वैर. चार वर्षांपूर्वी आमच्या दारावरची घंटा बंद पडली. मी दोन महिने आज करतो, उद्या करतो म्हणत राहिलो. शेवटी बाईच स्टूल घेऊन आल्या आणि त्यांच्या घंटेच्या वायरीतून आमच्याकडे जोड दिला. आमचं बटण दाबलं की आमची घंटा वाजणार, पण कुणी त्यांचं बटण दाबलं तरी आमचीही वाजणार. माझी बायको म्हणाली, "अहो वहिनी, पण तुमच्याकडचे पाहुणे आले तर आम्ही उगाच उठायचं का?"

"उठा की," बाई स्टुलावरून म्हणाल्या. "तुमच्याकडे कोण येतंय? निदान घंटा वाजल्याचं सुख तरी मिळेल."

त्या जोडाच्या मध्ये त्यांनी दोन पिना ठेवल्या आणि त्यावर काळी टोपी घातली. बोर्डावर असते तशी, करंगळीच्या नखाएवढी. आत पत्र्याची बारीक पट्टी असते. टोपी घातली की दोन पिना एक झाल्या, काढली की तुटल्या. कारखान्यात तिला शंट म्हणतात. वजनकाट्याच्या बोर्डावर ती एका जागी असली की काटा दुकानाचा, दुसऱ्या जागी असली की गोदामाचा. आमच्या दारावर ती असली की बाईंचं मन ठीक, नसली की आमचं काहीतरी चुकलंय. बायको सकाळी दूध घ्यायला दार उघडते तेव्हा आधी वर पाहते. "आज टोपी आहे हं," असं ती मला हवामान सांगावं तसं सांगते.

प्लंबरचा प्रकार झाल्यावर टोपी गेली. पहिले चार दिवस आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस बटण दाबून दाबून परत गेला. त्यात माझी सासूही होती, त्यामुळे त्या चार दिवसांबद्दल माझी तक्रार नाही.

पण काम मात्र, काय सांगू, शत्रूनंही पाहत उभं राहावं असं. आमचा कारखाना दुकानातल्या वजनकाट्यांचे बोर्ड करतो. बोर्डावर तांब्याच्या रेघा असतात, तेच ट्रॅक. एका ठिकाणची वीज दुसऱ्या ठिकाणी त्यातून जाते. रेघ चुकीच्या जागी गेली तर बोर्ड फेकायचा किंवा बाईंकडे पाठवायचा. बाई चुकलेली रेघ ब्लेडच्या टोकानं कापतात, दोन बारीक छेद, मधला कपचा चिमट्यानं उचलून टाकतात. मग केसाएवढ्या निळ्या तारेनं बरोबर जागा जोडतात. हाच जंपर. इतरांनी घातलेला जंपर चिमणीनं घरटं बांधायला घ्यावं तसा दिसतो. बाईंचा जंपर काटकोनात वळतो, कुठल्याही भागावरून उडी मारत नाही, तीन ठिकाणी गोंदाच्या थेंबानं बसवलेला असतो. मी एकदा मोजून वीतभर तार जास्त दिली, तर ती खिडकीतून परत आली. "भावजी, मला बोर्ड जोडायचेत, म्हैस बांधायची नाही."

आणि या सफाईनंच घात केला.

तीन वर्षांपूर्वी नवे इंजिनियर आले. कानावर कायम पेन्सिल, म्हणून पेन्सिलसाहेब. त्यांनी नवा बोर्ड काढला. पहिली खेप आली त्याच दिवशी बाई भिंगाखालून मान न उचलता म्हणाल्या, "साहेब, चिपच्या तिसऱ्या पायाची रेघ चौथ्या पायाला गेलीय." पेन्सिलसाहेबांनी आराखडा पाहिला, पेन्सिल कानावरून काढली, परत ठेवली. "एवढी खेप जंपर टाकून काढा, बाई. पुढच्या वेळी बोर्डच दुरुस्त करून घेतो."

पुढची खेप आली. रेघ चौथ्याच पायाला. कारण काय, तर बाईंनी जोडलेले सगळे बोर्ड तपासणीत पास झाले होते. वरच्या कागदावर दोष शून्य. शून्य दोषाचा बोर्ड कोण कशाला बदलतंय? उलट सहा महिन्यांनी माझ्याकडे सामानाची नवी यादी आली, त्यात शेवटची ओळ: निळी तार, एक नग. सोबत कामाच्या सूचनांचा कागद, त्यावर बाईंच्याच जंपरचा मोठा रंगीत फोटो, कुठे कापायचं आणि कुठून कुठे जोडायचं याच्या बाणांसकट. गिऱ्हाइकांना वाटायचं निळी तार ही या काट्याची खासियत आहे. चुकीला रीतसर नंबर मिळाला.

बाई मात्र रोज संध्याकाळी चिठ्ठी लिहायच्या: 'बोर्ड चूक. तिसरा पाय. ट्रॅक कापून तार टाकली.' खाली आकडा आणि सही. ही चिठ्ठी त्या माझ्या खिडकीत द्यायच्या आणि मी ती आठवड्याला ऑफिसात पोचवायची, असा नियम. मी त्या सळईवर खोचून ठेवायचो. पोचवणार होतो. सळई भरली की पोचवू, असं मनात होतं. सळया लांब असतात. शिवाय चिठ्ठ्यांची मागची बाजू कोरी असायची आणि दुपारी तीन ते चार स्टोअरला काहीही काम नसतं.

तर जिन्यातली बातमी दुसऱ्या मजल्यावरच्या पॅकिंगवालीबरोबर कारखान्यात पोचली आणि पेन्सिलसाहेबांच्या कानात, पेन्सिलीच्या बाजूनंच, शिरली. त्यांना ती फार आवडली. त्याच आठवड्यात एका मोठ्या गिऱ्हाइकानं विचारलं होतं की प्रत्येक बोर्ड कापलेला का असतो. पेन्सिलसाहेबांनी उत्तर लिहून दिलं: कामगाराकडून ट्रॅक विनाकारण कापले जात असल्याचं समजतं. आणि बाईंच्या टेबलावर कागद आला. शनिवारी अकरा वाजता मोठ्या साहेबांपुढे खुलासा करावा. खुलासा पटला नाही तर सोमवारपासून येऊ नये.

एकोणतीस वर्षांचं टेबल, आणि मध्ये दोन दिवस.

गुरुवारी बाई खिडकीत आल्या. जोडभिंगं कपाळावर.

"भावजी, माझ्या चिठ्ठ्या काढा."

"कुठल्या चिठ्ठ्या, वहिनी?"

"ज्यांच्या मागे तुम्ही शब्दकोडी सोडवता त्या."

त्यांनी चिमट्याचं टोक जाळीतून आत घातलं आणि सळईकडे दाखवलं. "मला इथून केसाएवढी तार दिसते. तुमचं अख्खं डोकं दिसत नसेल असं वाटलं का? पेन्सिल चावत बसता तेही दिसतं."

"अहो, पण त्या ऑफिसात गेल्या नाहीत असं कळलं तर माझी नोकरी..."

"माझी परवा जातेय. तुमच्यामुळे. त्या प्लंबरशी तुम्ही काय बोललात तेही मला माहीत आहे, त्यानं आमचाही नळ दुरुस्त केला. शनिवारी सळई घेऊन या. नाही आलात तर मी स्वतः येऊन नेईन आणि कोडी मोठ्यानं वाचून दाखवीन."

मी रात्री बायकोला सांगितलं. सहानुभूतीची अपेक्षा होती. ती म्हणाली, "वहिनींना सांगा, आडवे शब्द आधी वाचा. तुमचं उभ्यात थोडंफार बरोबर येतं."

शनिवारी मोठ्या साहेबांच्या खोलीत पेन्सिलसाहेब, बाई आणि दाराशी मी, पाठीमागे सळई लपवून. पेन्सिलसाहेबांनी एक बोर्ड उचलून दाखवला. "हे बघा साहेब, काप. हा काप आराखड्यात नाही. सूचनांच्या कागदावर आला, तोही बाईंचाच काप बघून."

"आराखड्यात अक्कलही नाही," बाई म्हणाल्या. "स्टोअरमधून न फोडलेलं पाकीट मागवा. माझा हात न लागलेलं."

मीच आणलं. मोठ्या साहेबांनी स्वतः फोडलं. बाईंनी मीटर पुढे सरकवला. "आता एक टोक या डाव्या भोकात ठेवा. दुसरं तिसऱ्या पायाच्या जागेवर, जिथे या भोकातली रेघ जायला हवी. जोड असेल तर वाजेल."

मीटर गप्प.

"आता चौथ्यावर."

मीटर असा किंचाळला की बाहेरच्या दोन मुली आत डोकावल्या. मोठ्या साहेबांनी तीन बोर्ड काढून तीनदा करून पाहिलं. त्यांना तो आवाज आवडला असावा.

पेन्सिलसाहेबांचे कान लाल झाले, पण माणूस चिवट. "मग तीन वर्षं वर का कळवलं नाहीत? लपवलंत ना? बोर्ड सुधारला असता तर तुमचं टेबल गेलं असतं, म्हणून!"

बाई नुसत्या माझ्याकडे वळल्या, जोडभिंगांतून. मी सळई पुढे केली.

मोठे साहेब एकेक चिठ्ठी काढून वाचायला लागले. पुढची बाजू: बोर्ड चूक, तिसरा पाय. मागची बाजू: माझी चौकोनी घरं. पुढची, मागची. पुढची, मागची. पंधरा-वीस चिठ्ठ्यांनंतर त्यांनी मान वर केली आणि मला म्हणाले, "आडवा सात चुकलाय." एवढंच. मेमो सोमवारी मिळाला.

बाईंवरचा आरोप गेला. आणि त्याच दमात टेबलही गेलं, ते असं. मोठ्या साहेबांनी हुकूम काढला की बोर्ड ताबडतोब सुधारून घ्या. बोर्ड सुधारला म्हणजे जंपर नको. जंपर नको म्हणजे दुरुस्तीचं टेबल नको. बाईंनी खरं ठरायच्या नादात स्वतःच्या बसण्याची जागा कापून दिली. त्यांना पॅकिंगला पाठवलं. खोकी चिकटवायची. केसाएवढी तार काटकोनात वळवणारा हात आता खाकी टेप फर्रकन ओढायला लागला.

टेबल माझ्या स्टोअरमध्ये आलं. मीच मागितलं. मला रिळं ठेवायला जागा नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्या टेबलावर डबा ठेवून जेवताना मला बरं वाटायचं. बाई जाता-येता जाळीतून पाहायच्या. एकदा म्हणाल्या, "भावजी, डब्याखाली कागद घाला. त्या लाकडाला सांडलेलं सोसत नाही." दारावरची टोपी अर्थातच गेली ती गेलीच होती.

दोन महिन्यांनी सुधारलेला बोर्ड आला. पेन्सिलसाहेबांनी तिसऱ्या पायाची रेघ झकास सरळ केली होती, नव्या भोकातून आणली होती, आणि रिकाम्या झालेल्या जुन्या भोकात वीज पुरवली होती. बोर्ड निर्दोष. मी वाईटपणा घेऊनही हे कबूल करतो.

फक्त सामानाची यादी कुणी बदलली नव्हती. शेवटची ओळ तशीच: निळी तार, एक नग. आणि सूचनांचा कागदही तोच, बाईंच्या जंपरच्या फोटोचा, बाणांसकट. जोडणीच्या मुलींनी माझ्याकडे तार मागितली. मी क्षणभर थबकलो. पण नुकताच मेमो मिळालेल्या माणसानं कागदाबाहेर डोकं चालवू नये, असं माझं मत आहे. मी तार मोजून दिली.

मुलींनी फोटो समोर ठेवला. बाण जिथे होता तिथे कापलं. तिथे आता बरोबर रेघ होती. बाण जिथून निघत होता तिथून तार जोडली; त्या भोकात आता वीज होती. बाई तेव्हा रिकामी खोकी घेऊन मुलींच्या मागून चालल्या होत्या. थांबल्या. वाकल्या. जोडभिंगं खाली घेतली, एका बोर्डाकडे पाहिलं, समोरच्या फोटोकडे पाहिलं, भिंगं परत कपाळावर चढवली आणि एक अक्षर न बोलता निघून गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या काही न बोलता गेल्या. मी तेव्हाच तार देणं थांबवायला हवं होतं.

सहाशे चाळीस बोर्ड झाले, मग तपासणीला लागले. पहिला काटा चालू केला. रिकाम्या ताटलीत अकरा किलो चारशे. दुसरा, अकरा किलो चारशे. पेन्सिलसाहेबांनी ताटली पुसली, काटा उलटा करून झटकला, फुंकर मारली. अकरा किलो चारशे. संध्याकाळपर्यंत कारखान्यात सगळ्यांना सगळं कळलं. जी गोष्ट आमच्या जिन्यानं बाईंच्या नावावर लावली होती, चांगल्या बोर्डांचे ट्रॅक कापायची, ती कारखान्यानं सहाशे चाळीस वेळा, कागदोपत्री आणि फोटोबरहुकूम करून दाखवली होती. आणि तार मी पुरवली होती, एकेक नग.

आता करायचं काय, तर प्रत्येक बोर्डाची तार काढायची आणि कापलेल्या रेघेवरून केसाएवढा जंपर टाकून ती परत सांधायची. शेजारच्या पायाला न लागता. एका मुलीनं प्रयत्न केला. तिसरा, चौथा आणि पाचवा पाय एकाच गोळ्यात गेले. मोठे साहेब म्हणाले, "बाईंना बोलवा." पेन्सिलसाहेब म्हणाले, "मी जातो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हीही चला. तुमचे शेजारी ना?"

पॅकिंगमध्ये बाई एका खोक्यावर टेप ओढत होत्या. आम्ही दोघं समोर उभे राहिलो. पेन्सिलसाहेबांनी पेन्सिल कानावरून काढून खिशात ठेवली, हे मी प्रथमच पाहिलं.

"बाई, जरा अडचण झालीय."

"अकरा किलो चारशे," बाई म्हणाल्या. टेप फर्रकन ओढली.

"तुम्हाला माहीत होतं? तुम्ही जाताना पाहिलंत म्हणे. मग सांगायचं नाही का?"

"चिठ्ठी लिहायची सवय सुटली."

मी मध्ये पडलो. "वहिनी, झालं ते झालं. कारखान्याचं नुकसान आहे. माझं तर... एक मेमो आधीच आहे. दुसरा आला तर घरी बसावं लागेल. घरी तुमची ती आहे, म्हणजे माझी बायको..."

"तिचे हाल होतील," बाई म्हणाल्या.

"मग उठा ना. इथेच एखादं टेबल देतो साफ करून," पेन्सिलसाहेब म्हणाले. "हमाल बोलावतो, दिवा आणून देतो. अर्जंट आहे, बाई."

बाईंनी टेपचं टोक ब्लेडनं कापलं, खोकं बाजूला सारलं आणि दुसरं पुढे ओढलं. आमच्याकडे न पाहताच म्हणाल्या:

"माझंच टेबल आणा, स्टोअरमधलं, आणि खिडकीपाशी होतं तिथेच ठेवा. हमाल नको, तुम्ही दोघं उचला. आणि भावजी, तुमच्या डब्याचा डाग आधी घासून काढा, मी तोवर ही खोकी संपवते."